लग्नाची एकच वही: कंपनीत एमबीएसई आणताना मी काय शिकले

(हे या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘ॲक्च्युअली’ आणि ‘म्हणजे कसंय ना’ बरेचसे काढलेत. सगळे काढले असते तर बोलणारी मीच आहे हे तुम्हाला पटलं नसतं.)

बसमध्ये असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळं चालेल. आज स्क्रीनकडे बघायची गरज नाही. विषयाचं नाव मात्र जड आहे: मॉडेल-बेस्ड सिस्टिम्स इंजिनिअरिंग. सगळे एमबीएसई म्हणतात, आपणही तेच म्हणू. नाव ऐकून पुढचा भाग लावू नका. यात एक बझर आहे, एक मंगळयान आहे आणि एक लग्न आहे.

मी पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. बी.टेक. होऊन सहा वर्षं झाली. एमबीएसई काय असतं हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं ते एका फजितीतून. तिथूनच सुरू करते.

बझर वाजला

२०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याच्या बातम्या तुम्ही ऐकल्या असतील. त्यानंतर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. दुचाकी-तीनचाकींसाठीचं मानक आहे एआयएस-१५६. त्यात सेल, बॅटरीवर लक्ष ठेवणारी बीएमएस, चार्जर आणि पॅकची रचना यांबद्दल नवीन अटी आल्या. त्या दोन टप्प्यांत लागू व्हायच्या होत्या: १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३.

मी तेव्हा ज्या कंपनीत होते तिथे फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही अक्षरशः धावत होतो. बॅटरी तापली की डिस्प्लेवर इशारा यायला हवा आणि बझर वाजायला हवा, हे काम माझ्या टीमकडे होतं. एके दिवशी सकाळी नवीन पॅक बेंचवर जोडला आणि बझर वाजायला लागला. डिस्प्ले सांगत होता ७२ अंश. हात लावून पाहिला तर पॅक गार.

कारण ऐका. गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी कॅन नावाच्या तारेवरून बोलतात. तापमान पाठवायला एक बाइट असतो, म्हणजे ० ते २५५ यांतला एखादा आकडा. आता उणे तापमान कसं पाठवणार? त्यासाठी एक साधी युक्ती असते: खऱ्या तापमानात ४० मिळवून पाठवायचं आणि घेणाऱ्याने ४० वजा करायचे. बीएमएसवाल्यांनी नवीन पॅकमध्ये ही युक्ती वापरली होती. आमच्या टीमच्या फाइलमध्ये जुन्या पॅकची नोंद होती, त्यात ४० चा विषयच नव्हता. पॅक होता ३२ अंशांवर, तारेवरून आले ७२ आणि आम्ही ते जसेच्या तसे दाखवले.

सगळे हसले. मग टेस्टिंगवाला म्हणाला, “उलटं असतं तर?”

हसणं थांबलं. उलटं म्हणजे त्यांनी ४० मिळवले नसते आणि आम्ही वजा केले असते. पॅक ५५ वर आणि डिस्प्लेवर १५. बझर गप्प. स्कूटरवर बसलेल्या माणसाला काहीच कळलं नसतं.

आणि गंमत अशी, की चूक कुणाचीच नव्हती. त्यांचं वर्ड डॉक्युमेंट बरोबर होतं, रिव्ह्यू झालेलं होतं, खाली सह्या होत्या. आमचं एक्सेलही रिव्ह्यू झालेलं, सह्यांसकट. चूक त्या दोन फाइलींच्या मधल्या जागेत होती आणि त्या जागेला मालक नव्हता.

पुढचा प्रश्न आणखी अवघड होता. हे तापमान अजून कोण कोण वाचतं? मोटर कंट्रोलर? चार्जर? मोबाइल ॲपला माहिती पाठवणारं युनिट? हे सांगू शकणारा ऑफिसात एकच माणूस होता. वायरिंग हार्नेसचे सर, पंचवीस-सव्वीस वर्षांचा अनुभव. समोर आम्ही त्यांना सर म्हणायचो आणि पाठीमागे काका. काका रजेवर होते. मुलीचं लग्न होतं.

मी फोन केला. मागे मांडववाल्यांचा ठोकाठोकीचा आवाज. काकांनी केटररला “दोन मिनिटं थांबा हो” सांगितलं आणि मला तोंडपाठ चार युनिट्स सांगितली. त्यातली दोन आमच्या कुठल्याच फाइलमध्ये नव्हती.

वहीची गोष्ट

रजेवरून आल्यावर काकांनी पेढे वाटले. मी विचारलं, “सर, इतक्या गडबडीत तुम्ही फोन कसा घेतला?” ते म्हणाले, “अगं, लग्नाची एकच वही होती. ती माझ्याकडे. मला डोक्यात काही ठेवायचंच नव्हतं.”

आता त्या वहीचा विचार करा. लग्नात पानांची संख्या ३०० ची ४५० झाली तर काय काय बदलतं? जेवण, खुर्च्या, हॉल, पार्किंग, आहेराच्या पिशव्या. प्रत्येकाची डायरी वेगळी असेल तर केटरर ४५० चं जेवण करतो आणि मांडववाला ३०० खुर्च्या मांडतो. दोघेही म्हणतात, मला सांगितलं तेवढं मी केलं. आणि ते खरंच असतं. वही एक असेल, आकडा एकाच जागी असेल आणि तो कशाकशाला लागू आहे हेही तिथेच लिहिलेलं असेल, तर तो बदलला की कुणाकुणाला फोन करायचे हे लगेच कळतं.

एमबीएसई म्हणजे गाडीसाठी, विमानासाठी, उपग्रहासाठी अशी एक वही. फरक इतकाच, की ही वही कॉम्प्युटरला वाचता येते. त्यामुळे ‘हे बदललं तर कुणाला धक्का लागेल?’ हे तो शोधून देतो.

मॉडेल म्हणजे चित्र नव्हे

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, माझाही झाला होता. पॉवरपॉइंटमध्ये ‘बीएमएस’ लिहिलेला एक चौकोन काढला तर तो फक्त चौकोन असतो. दहा स्लाइडवर काढला तर दहा वेगवेगळे चौकोन. मॉडेलमध्ये बीएमएस ही एकच वस्तू असते. दहा आकृत्यांत ती दिसते, पण असते एकच. तिचं नाव एका जागी बदललं की दहाही ठिकाणी बदलतं.

आणि त्या वस्तूला नाती असतात. ‘बॅटरी तापली तर चालकाला इशारा मिळाला पाहिजे’ ही एक अट, म्हणजे रिक्वायरमेंट. ती कोणता भाग पूर्ण करतो, हे एक नातं. कोणती टेस्ट ती तपासते, हे दुसरं. त्या भागातून कोणता सिग्नल, कुठल्या एककात, कुणाकडे जातो, हे तिसरं. नियमातली अट बदलली की नात्यांचा दोरा धरून टेस्टपर्यंत पोचता येतं.

यासाठी तीन गोष्टी लागतात: भाषा, पद्धत आणि टूल. भाषा म्हणजे खुणांचे ठरलेले अर्थ. सगळ्यात जास्त वापरली जाते ती सिसएमएल. तिची पहिली अधिकृत आवृत्ती २००७ ची. दुसरी मोठी आवृत्ती, सिसएमएल व्ही-टू, २०२५ मध्ये स्वीकारली गेली. तिची मजा अशी, की मॉडेल कोडसारखं मजकुरातही लिहिता येतं. म्हणजे गिटमध्ये ठेवा आणि काल-आजचा फरक बघा. आपल्यासारख्यांना ही सोयच. पद्धत म्हणजे कोणत्या क्रमाने विचार करायचा. थालेस या फ्रेंच कंपनीने आर्केडिया नावाची पद्धत बनवली आणि तिच्यासाठीचं कॅपेला हे टूल ओपन सोर्स केलं. फुकट आहे, आज रात्री लॅपटॉपवर टाकून बघू शकता.

पुण्यातल्या मंडळींसाठी एक खास सूचना. एमबीएसई म्हटलं की इथे पहिलं उत्तर येतं, “आम्ही तर आधीपासून सिम्युलिंक वापरतो.” ते वेगळं काम आहे. सिम्युलिंकमध्ये आपण एका कंट्रोलरचं लॉजिक बनवतो, चालवून बघतो, त्यातून कोड काढतो. एमबीएसईचे प्रश्न त्याच्या आधीचे: हे काम या कंट्रोलरकडे का दिलं, त्याला माहिती कोण पुरवतं आणि ते नीट झालं हे कोण तपासणार? दोन्ही लागतात, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

मंगळावर काय झालं

आमचा बझर वाजला म्हणून चूक कळली. सगळ्यांचं नशीब इतकं चांगलं नसतं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान डिसेंबर १९९८ मध्ये निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी हरवलं. वाटेत त्याचे छोटे थ्रस्टर अधूनमधून पेटायचे. त्या वेळी यानाला किती धक्का बसला, हे पृथ्वीवरचं एक सॉफ्टवेअर फाइलमध्ये लिहायचं. यान बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिनचं ते सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदांत लिहीत होतं. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले, म्हणजे जेपीएलमधले, मार्ग ठरवणारे लोक ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होते. दोन्हींत जवळपास साडेचार पटींचा फरक. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचं ते यान सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेलं.

आता खरा मुद्दा ऐका. एकक न्यूटन-सेकंदच हवं, हे इंटरफेसच्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं होतं! डॉक्युमेंट बरोबर होतं. पण कोडचा आणि डॉक्युमेंटचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. शिवाय काही जणांना आकडे जुळत नाहीत असं आधीच जाणवलं होतं. ती शंका रीतसर मार्गाने वर गेली नाही आणि तिचा छडा लागला नाही. हा दुसरा भाग लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

त्याच जेपीएलने पुढे युरोपा क्लिपरसाठी अगदी आखणीच्या टप्प्यापासून एमबीएसई वापरायला सुरुवात केली. गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालेलं हे यान १४ ऑक्टोबर २०२४ ला उडालं. तिथे मॉडेल वापरलं गेलेल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं यानाच्या वजनाचा हिशेब: कोणत्या भागाचं वजन किती आणि एकूण किती. हा तक्ता प्रोजेक्टला तसाही हवाच असतो. तो मॉडेलमधून काढला, म्हणून मॉडेलला पहिल्यापासून गिऱ्हाईक मिळालं.

हे वाक्य मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

माझे चार महिने

बझर प्रकरणानंतर मॅनेजर म्हणाले, “तुला एवढं कळतंय तर तूच आण एमबीएसई.” मी खूश. टूल घेतलं, तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि मी अख्ख्या स्कूटरचं मॉडेल करायला बसले. हेडलाइटपासून साइड स्टँडपर्यंत. चार महिन्यांत साठेक आकृत्या झाल्या. त्यातली सगळ्यात देखणी आकृती मोठ्या कागदावर छापून भिंतीवर लावली. साहेबलोक आले की तिच्यासमोर फोटो काढायचे.

मॉडेल मात्र कुणी उघडत नव्हतं. मला राग यायचा. लोकांना बदल नकोच असतो, आपल्याकडे असंच चालायचं, वगैरे मी कँटीनमध्ये बोलायचे.

एक दिवस काका त्या पोस्टरसमोर उभे राहिले. चष्मा वर केला. म्हणाले, “छान काढलंयस. पण हा कनेक्टर मागच्या महिन्यात बदलला. खोटं आहे हे.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सॉफ्टवेअरची रिलीज अजून एक्सेलवरूनच होत होती. कनेक्टर बदलला की लोक एक्सेल बदलायचे, कारण त्याच्यावाचून काम अडायचं. मॉडेल बदललं नाही म्हणून कुणाचंच काही अडत नव्हतं. मी वही एक करायला निघाले होते आणि आणखी एक डायरी वाढवून ठेवली होती. लोक आळशी नव्हते. दोन ठिकाणी लिहायला त्यांच्याकडे वेळ नव्हता, एवढंच.

आणखी एक गोष्ट होती, ती कळायला वेळ लागला. काका मॉडेलसाठी माहिती द्यायला टाळाटाळ करायचे. “उद्या बघू,” “फाइल घरच्या लॅपटॉपवर आहे.” मला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे. एकदा चहा पिताना ते सहज म्हणाले, “सगळं त्यात लिहून दिल्यावर मग फोन कुणाला करशील?” मी काहीच बोलले नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी डोक्यात साठवलेलं सगळं मी मागत होते. बदल्यात त्यांना काय मिळणार, हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा काय केलं

पोस्टर काढलं. अख्ख्या स्कूटरचा नाद सोडला. एकच प्रश्न घेतला, फोनवर विचारला होता तोच: हा सिग्नल बदलला तर कुणाकुणाला सांगायचं? मॉडेलमध्ये फक्त सिग्नल ठेवले. कोण पाठवतं, कोण वाचतं, एकक काय, किती मिळवायचं, कोणत्या अटीसाठी आणि कोणत्या टेस्टने तपासायचं.

मग एक स्क्रिप्ट लिहिली. सगळ्या टीम कॅनच्या सिग्नलची व्याख्या ज्या फाइलमधून घेतात, ती डीबीसी फाइल आता मॉडेलमधूनच तयार व्हायला लागली. म्हणजे बीएमएसवाल्यांची आणि आमची फाइल एकाच जागेहून निघणार. आणि त्याच दिवशी जुनं एक्सेल फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. या गोष्टीला सगळ्यात जास्त विरोध झाला आणि सगळ्यात जास्त फायदाही हिचाच झाला. जुनी वही उघडी राहिली तर नवीन वही भरत नाही.

काकांना मी मॉडेल काढायला सांगितलं नाही. आम्ही दोघं रोज अर्धा तास बसायचो. ते सांगायचे, मी भरायचे. प्रत्येक कनेक्टरचा आणि त्यातल्या सिग्नलचा मालक म्हणून नाव त्यांचं आणि त्यांच्या होकाराशिवाय बदल पुढे जाणार नाही असा नियम. आधी लोक त्यांना चूक झाल्यावर फोन करायचे, आता बदल करण्याआधी विचारायला लागले. एकदा स्वतःच म्हणाले, “ही तर आपली लग्नाची वही झाली की!”

मॅनेजरांनीही एक काम केलं, छोटं पण मोठं. रिव्ह्यूला कुणी स्लाइड उघडली की ते म्हणायचे, “मॉडेलमध्ये दाखव.” ज्यांच्याकडे टूलचं लायसन्स नव्हतं त्यांच्यासाठी मॉडेलचं वेबपान काढून ठेवलं, मोबाइलवरही उघडायचं.

काही महिन्यांनी चार्जर बदलायचं ठरलं. कोणाकोणाला धक्का लागेल, याची यादी चहा गार व्हायच्या आत आली. काका तेव्हा गावी होते. त्यांना कुणीही फोन केला नाही. परत आल्यावर हे त्यांना सांगितलं, तर क्षणभर ते गप्प झाले आणि मग म्हणाले, “चला, रजा तरी नीट मिळाली.”

खरं सांगायचं तर

आता जाहिरात वाटू नये म्हणून दुसरी बाजू. पहिल्या प्रोजेक्टला एमबीएसईने वेळ जास्तच लागतो. आधी विचार करावा लागतो आणि आधी केलेला विचार कुठल्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. फायद्यांबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण बरंचसं ‘आम्हाला असं जाणवलं’ या प्रकारचं असतं. आकडे मोजून दाखवलेले थोडे. म्हणून कुणी अमुक टक्के बचतीची स्लाइड दाखवली तर विचारा, कुठे मोजलंत आणि कशाशी तुलना केलीत?

दुसरं, वही एक झाली की चूकही एकच होते, पण ती सगळीकडे जाते. आमच्या मॉडेलमध्ये एकदा एक एकक चुकीचं भरलं गेलं. भरणारी मीच. स्क्रिप्टने ते इमानदारीने चारही टीमना पोचवलं. सगळे एकमताने चुकले! ते टेस्टिंगवाल्याने पकडलं, तोच ‘उलटं असतं तर’वाला. त्याला आकडा खटकला, त्याने विचारलं आणि या वेळी विचारायला जागा होती: मॉडेलमध्ये त्या सिग्नलपाशीच शंका नोंदवता येत होती आणि ती मिटल्याशिवाय रिलीज पुढे जात नव्हती. मंगळाच्या गोष्टीतला दुसरा भाग आठवला? शंका तिथेही आली होती. तिला जागा नव्हती.

आणि अजूनही दोघं जण स्वतःचं एक्सेल लपवून ठेवतात. एक सप्लायर अजून वर्डच मागतो. चालायचंच. मॉडेलमधून त्याच्यासाठी वर्ड काढून देतो.

तुमच्यासाठी काम

तुम्ही कॉलेजात असाल तर फायनल इयर प्रोजेक्टमध्ये करून बघा. नोकरीत नवीन असाल तर टूल मागायच्या आधी एक करा. टीममध्ये असा प्रश्न शोधा, ज्याचं उत्तर एकाच माणसाला येतं आणि तो रजेवर गेला की सगळे अडतात. तो प्रश्न कागदावर लिहा. मग त्या माणसाला चहा पाजा. विचारा, काय आठवतं, आणि हेही विचारा, की हे लिहून दिलं तर त्यांचं काय सोपं होईल. तुमचं पहिलं मॉडेल तेवढंच असू द्या.

तुमच्या टीममधले काका किंवा मावशी कोण आहेत, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. नावं नको, गोष्ट सांगा. पुढच्या भागात भेटू. तोवर बझर वाजला तर हसा, पण मग एकदा विचारा, उलटं असतं तर?